चेहरा कसा आहे तिचा?

परवा आमची नातसून एका रंगीत मासिकातलं पान वाचून दाखवत होती. गोल चेहऱ्याला लोंबतं कानातलं घालावं, लांब चेहऱ्याला कानालगत बसणारं घालावं, जबडा रुंद असेल तर अमुक टाळावं, तमुक घ्यावं. मध्येच थांबून मला म्हणाली, "आजी, किती शास्त्रीय लिहिलंय ना!" मी म्हटलं, "अगं बये, हेच शास्त्र विकून तुझ्या आजेसासऱ्यांनी विश्रामबागेतलं हे घर बांधलं." ती हसली. म्हातारी फेकतेय असं तिला वाटलं असणार.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकीणबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की धंदा आमच्या मामंजींचा आणि त्यांच्यामागे आमच्या ह्यांचा. मी पडद्यामागची बाई. त्या म्हणाल्या, मग पडद्यामागचंच लिहा. आता बसलेय लिहायला. चुकलंमाकलं त्यांनी सांभाळावं.

पडदा म्हणजे खराखुरा पडदा, बरं का. आमचं सराफी दुकान सांगलीच्या पेठेत. पुढं गादी, तिथं मामंजी नि हे बसायचे. मागं एक लहानशी खोली, तिला निळ्या चिटाचा पडदा, आणि त्या खोलीत मी. त्या काळी बाया परक्या पुरुषाच्या हातात कान द्यायच्या नाहीत. गळ्यातलं, हातातलं घरी नेऊन घालून बघता येतं. कानातलं मात्र तिथंच घालून बघावं लागतं. भोकाची जागा, पाळीची जाडी, मागचं मळसूत्र कितपत टोचतंय, हे सगळं कानाला हात लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून सून आल्याबरोबर मामंजींनी तिला पडद्यामागं बसवली. लोकांना वाटायचं केवढे सुधारक! सुधारक कसले, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये एवढाच त्यांचा विचार. पण मला ते काम फार आवडलं, हे कबूल करते.

आवडण्याचं कारण माझं माहेर. माझे वडील सातारला सोनारकाम करत. त्यांच्या हाताखाली बसून मी चेहरे बघायला शिकले. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक उंबऱ्यात चप्पल काढतं तेव्हा बघून घे. एकदा का आरशापुढं बसलं की ते खोटं बसतं." आणि ते अगदी खरं आहे. आरशापुढं बसली की बाई ओठ मिटते, मान ताठ करते, डोळे मोठे करते. तो चेहरा घरी कुणालाच दिसत नाही. कानातलं निवडायचं ते बोलणाऱ्या, हसणाऱ्या, वैतागलेल्या चेहऱ्यासाठी.

बाकीचं सोपं असतं. चेहरा वाटोळा असेल तर डूल द्यावेत, खाली लोंबणारे, म्हणजे नजर वरून खाली जाते. चेहरा लांबट असेल तर कुडी, मोत्याची नाहीतर सोन्याची, कानालगत घट्ट बसणारी. जबडा रुंद असेल तर कानातल्याचं टोक नेमकं जबड्यापाशी संपू द्यायचं नाही, त्याच्या वर तरी संपवा नाहीतर खाली तरी न्या. आणि गाल वर आलेले, हनुवटी निमुळती असली तर झुबे. वर लहानसं फूल, खाली घंटेसारखं फुगलेलं. हनुवटीजवळची मोकळी जागा ते भरून काढतात. मान आखूड असेल तर यातलं निम्मं विसरायचं. आणि पाळी पातळ असेल तर सगळंच विसरायचं आणि आधी वजन बघायचं, कारण ओघळलेल्या कानाला काही म्हणजे काही शोभत नाही.

माझ्या लग्नात वडिलांनी संसाराच्या भांड्यांबरोबर एक आरसा दिला. साताऱ्याच्या कॅम्पातल्या कुणा साहेबाचं सामान लिलावात निघालं होतं, त्यातला. लाकडी चौकटीत बसवलेला, दोन बाजूंना दोन पितळी खुंट्या, त्यांवर तो पुढंमागं झुलायचा. तो मी पडद्यामागं मेजावर ठेवला. आता हसाल, पण खेड्यावरून येणाऱ्या कितीतरी बायांनी आपलं अख्खं तोंड त्या आरशात पहिल्यांदा पाहिलं. घरी फणेरपेटीतला तळहाताएवढा आरसा, त्यात कुंकू दिसलं की झालं. एकजण माझ्या खोलीत बसून आपल्याकडं बघत राहिली नि म्हणाली, "आवं, मी आयसारकी दिसती की!" कानातल्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

पण खरी अडचण चेहऱ्यांची नव्हती, घरांची होती. भरल्या घरातून गिऱ्हाईक यायचं ते सासूच्या मागं सुनांची रांग घेऊन. सासू म्हणणार, "सगळ्यास्नी एक घडणीचं पायजे. उद्या घरात जाळ नगं." म्हणजे एकीचा चेहरा वाटोळा, दुसरीचा घोड्यासारखा, तिसरीची मान खांद्यात बसलेली, आणि तिघींना एकसारखे झुबे! हळदीचे अडते असलेल्या एका जैन घरात तर जावांची वजनं काट्यावर घालून बघायची पद्धत होती. बायांची नव्हे, दागिन्यांची. मी तिथं एक युक्ती काढली. सोनं तेवढंच, घडण तीच, फक्त मधली कडी एकीची लांब नि दुसरीची आखूड. काटा खूश, सासू खूश, आणि चेहरेही खूश. मामंजींनी त्या दिवशी मला जेवताना स्वतःहून "वाढ गं हिला अजून" म्हटलं होतं. आमच्या घरात ते मोठंच बक्षीस होतं.

हे एवढं सांगितलं ते सर्जेरावाची गोष्ट कळावी म्हणून.

लढाई अजून चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या. अशा दिवसांत एके दुपारी खाकी कपड्यातला, उन्हानं रापलेला पोरगेला शिपाई पाठीवर पिशवी घेऊन दुकानात आला. आटपाडीकडच्या एका गावचा, पाटील घराण्यातला. नाव सर्जेराव. मिसर, इटली करून रजेवर निघाला होता. मिरजेला आगगाडीतून उतरला तो घरी जायच्या आधी थेट आमच्याकडं. बायकोला कानातलं घ्यायचं होतं.

मी पडद्याआडून ऐकत होते. मामंजींनी दोन-चार जोड पुढं मांडले. तो म्हणाला, "ह्यातलं कंचं चांगलं दिसंल?"

"ते चेहऱ्यावर आहे," मामंजी म्हणाले. "चेहरा कसा आहे तिचा?"

"चांगला हाय की."

"चांगला असणारच हो. गोल, का लांबट?"

 मी पडद्याची कड सारून पाहिलं. तो पोरगा मान खाली घालून गादीवरचा झुबा बोटानं इकडून तिकडं करत होता आणि कानापर्यंत लाल झाला होता. मामंजींना वाटलं, बाईच्या रूपाबद्दल बोलायला लाजतोय. ते म्हणाले, "आत सूनबाई आहेत, त्यांना सांगा. त्यांना कळतं त्यातलं." पुरुष गिऱ्हाईक माझ्या खोलीत येण्याची ती पहिली वेळ.

तो उंबऱ्याशीच बसला. मी विचारलं, "गाल भरलेले आहेत का बसके?"

"वैनी, खरं सांगू का?" तो म्हणाला. "मला म्हाईत न्हाई."

मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, "अहो, लग्न झालंय ना तुमचं? का व्हायचंय?"

"झालंय की. दुसऱ्या म्हैन्यात भरतीला गेलो." मग तो हळूहळू बोलू लागला, माझ्याकडं न बघता, आरशाच्या चौकटीकडं बघत. घर मोठं, माणसांनी भरलेलं. पाटलाच्या घरात पदराचा कारभार कडक. नवी सून दिवसा नवऱ्यासमोर आली तर पदर हनुवटीपर्यंत. वडीलमाणसांदेखत तिच्याकडं मान वर करून बघितलं तर चुलते दुसऱ्या दिवशी चावडीवर चेष्टा करणार. पुरुष सोप्यात निजणार, बाया आत. नवराबायकोला मिळायचा तो अंधार, आणि तोही चोरून. "लग्नात मुंडावळ्या, नि तिची मान खाली. मागनं वळखीन, वैनी. चालण्यावरनं हजारात वळखीन. आवाज वळखीन. पाणी वततानाचा हात वळखीन. पर तोंड म्हनशीला तर..."

 

"पलटणीत समद्यांकडं फोटू," तो म्हणाला. "मला म्हनत्यात, तुझी कशी हाय? मी म्हनायचो, लय देखनी हाय. खोटं न्हाई म्हनालो मी, वैनी, देखनीच आसंल ती. पर इटलीत मला गोळी लागली, हितं, मांडीत. दवाखान्यात पडलो हुतो. म्हनलं आता काय ऱ्हात न्हाई मी. तवा तिचं तोंड आटवाया गेलो. तर नुसता पदर दिसाया लागला. हिरवा पदर." त्यानं नाक ओढलं. "मेलो आसतो तर कुनाचं तोंड बगून मेलो आसतो मी?"

मला रडू आवरेना. उगाच डबी उघडण्याचं निमित्त करून मी पाठ फिरवली. माझं काम काय, तर चेहऱ्याला शोभेल ते देणं. आणि इथं असा माणूस आला होता की ज्याला बायकोचा चेहरा बघायलाच मिळाला नव्हता. आजवर सासूंनी आणलेल्या सुनांच्या रांगा मला आठवल्या. सगळ्यांना एकसारखं कानातलं द्यावं लागतं, कारण कुणा एकीचा चेहरा कुणी निरखून पाहिलाय, हेच त्या घरांना चालत नाही. कानातलं तोंडाला साजेसं निवडायचं म्हणजे आधी कुणीतरी त्या तोंडाकडं बघावं लागतं. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

मग तोच म्हणाला, "येकदा ताप आला हुता तिला. अंधारात म्या असा हात लावला." आणि त्यानं दोन्ही तळवे समोर धरले, जणू तिचं तोंड त्यांच्यामध्ये होतं. वर पसरलेले, खाली जवळ आलेले. "हनुवटी हितं, आंगठ्यात यायची."

"हात हलवू नका," मी म्हटलं. दोरा घेतला आणि त्याच्या तळव्यांमधलं अंतर वर मापलं, मधे मापलं, खाली मापलं. इतकी वर्षं कानांची मापं घेतली, पण असं माप ना त्याआधी घेतलं, ना त्यानंतर. गालाची हाडं वर, गाल बसके, हनुवटी निमुळती. शंकाच नव्हती. "झुबे," मी म्हटलं. लहान फुलाचे, खाली फुगीर, मोत्यांची बारीक झालर असलेले. आमच्या कारागिरानं केलेला तो जोड इतका देखणा होता की मी तो कुणाला सहज दाखवत नसे.

तो पैसे देऊन उठला तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "हे बघा, नाही शोभले तर बदलून देईन. पण तिला घेऊन या. रजा संपायच्या आत."

"घरातनं सोडायचं न्हाईत."

"सोडतील. घालताना कान दुखला म्हणावं. भोक लहान पडलंय, ते सांगलीच्या सोनारणीकडंच वाढवून घ्यावं लागतं म्हणावं." धंद्यात खोटं बोलू नये म्हणतात. मी एवढं एक बोलले, आणि त्याचं मला अजून काही वाटत नाही.

त्यानंतर दुकानात खाकी कपडा दिसला की मी पडदा सारून बघायची. रजा महिन्याभराची. ती संपली की पलटण ब्रह्मदेशाकडं जाणार असं तो म्हणाला होता. तिकडून काय बातम्या येत होत्या त्या सगळ्यांना ठाऊक होत्या. दिवस चालले होते आणि तो काही येईना. आमचे हे म्हणाले, "तुला काय पडलंय? सोनं विकलं, संपलं." मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

अखेर ते आले. पुढं सर्जेरावाची आई, उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी कशी चापून नेसलेली. मागं पदरात गुरफटलेली सून, हौसा. आणि सगळ्यात मागं सर्जेराव, तोंड पडलेलं. उद्या निघायचं होतं त्याला.

म्हातारीनं कनवटीची पुरचुंडी सोडून झुबे माझ्यापुढं आपटलेच. "आवं वैनी, ह्ये परत घ्या. थोरलीला न्हाई आन् धाकटीला कानातलं? माझ्या घराला आग लावायची हाय का? दोगींना सारकं, हलकंसं काय तरी द्या. आन् हिच्या कानाचं काय म्हनत हुता त्यो, त्येबी बगा."

"म्हणजे यांनी अजून घातलेच नाहीत?"

"घालतीय कशाला? म्या पेटीत ठिवल्यात."

मी सर्जेरावाकडं पाहिलं. त्यानं मान नुसती हलवली, नाही म्हणून. म्हणजे कानातलंही घातलं नव्हतं, आणि तोंडही पाहिलं नव्हतं. रजाभर त्याला पाहुण्यांनी आणि भावकीनं घेरलं होतं, आणि आज शेवटचा दिवस.

"तू बस भाईर," म्हातारी त्याला म्हणाली. तो गादीपाशी जाऊन बसला. मी हौसाला आरशासमोर स्टुलावर बसवलं. म्हातारी बाजूला भिंतीशी चटईवर टेकली. मी पडदा ओढला, आणि मग मला एक सुचलं.

"इथं उजेड नाही हो पुरेसा," मी म्हटलं, आणि पडदा गुंडाळून खुंटीला अडकवून टाकला. "पदर जरा मागं घ्या बाई. कान दिसल्याशिवाय भोक कसं बघू?"

हौसानं सासूकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, "घे की. सोनारणीफुडं कसली लाज."

तिनं पदर मागं घेतला. वाटोळा, भरलेला, टवटवीत चेहरा. गाल असे की हनुवटी त्यांच्यात बुडून गेलेली. सर्जेरावाच्या तळव्यांतल्या चेहऱ्याशी काडीचं साम्य नाही. तो गेला तेव्हा ती तापानं खंगलेली अर्धवट पोर होती. मधल्या वर्षांत ती बाई झाली होती, आणि हे घरात त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी झुबे तिच्या कानात घातले. भोकं बिचारी ठाकठीक होती. आणि झुबे? मुळीच शोभत नव्हते. वाटोळ्या गालांना फुगीर झुबे, म्हणजे चेहरा आणखीच रुंद.

"न्हाई शोभत," म्हातारी म्हणाली. तिला कळत होतं हो! "बदला म्हनती त्ये काय उगं न्हाई."

"नाही शोभत," मीही म्हटलं. खोटं कसं बोलणार? "यांना डूल हवेत, लांब. बघा ना बाई तुम्हीच." आणि हौसाला नीट दिसावं म्हणून मी आरसा त्याच्या पितळी खुंट्यांवर जरा झुलवला.

आरशात आधी छत आलं. मग गादीमागची तिजोरी. मग खाकी टोपी, आणि टोपीखाली सर्जेराव. हौसाच्या पाठीमागं, दूर, गादीच्या कडेला बसलेला. त्याचे डोळे आरशावरच होते. माझा हात चौकटीवर तसाच राहिला.

ती आरशात बघत होती. त्याला कोण हरकत घेणार? बाई आरशात कानातलं बघणार नाही तर काय बघणार? आणि तोही दुकानातला आरसा बघत होता. दोघांनी एकमेकांकडं तोंडसुद्धा वळवलेलं नव्हतं. तिची मान आधी खाली गेली. मग वर आली आणि वरच राहिली. तिच्या कानातले मोती हलत होते. आणि तो, इटलीत गोळी खाऊन आलेला पाटलाचा गडी, तोंड उघडं टाकून लहान मुलासारखा बघत बसला होता. गालावर पाणी आलेलं त्याला कळतसुद्धा नव्हतं.

मग माझं लक्ष म्हातारीकडं गेलं. तिला आरशातलं दिसत नव्हतं, पण सुनेचं तोंड दिसत होतं. तिनं सुनेकडं पाहिलं, मान वळवून गादीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं पाहिलं.  आता ही उठणार, सुनेच्या तोंडावर पदर ओढणार, आणि मला पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

"वैनी," ती म्हणाली, "आरसा लय जड हाय का?"

"नाही हो."

"मग धरा की नीट. हलवू नगा."

आणि ती भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आमच्या येळंला आरसाबी न्हवता." तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

माझा हात दुखायला लागला, मग मुंग्या आल्या, पण मी आरसा सोडला नाही. पुढं दुकानात मामंजी कुणाशीतरी भावावरून हुज्जत घालत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटी मीच घसा खाकरला आणि हौसाला विचारलं, "मग बाई, डूल दाखवू का?"

आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली. "ऱ्हाऊ द्या. ह्येच."

"अगं, शोभत न्हाईत म्हनत्यात त्या," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली.

"ह्येच, आत्याबाई."

म्हातारीनं सुस्कारा सोडला. "द्या बाई मग. थोरलीचं मी बगती." थोरलीसाठी तिनं दुसरा जोड घेतला, तो मात्र मी चेहरा विचारून दिला. "तोंड कसं हाय?" म्हातारी म्हणाली. "थांबा, आटवून सांगती." तिलाही आठवावं लागलं!

सर्जेराव दुसऱ्या दिवशी गेला. लढाई संपली, माणसं परतू लागली, काही परतली नाहीत. त्याचं काय झालं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. दुकानात आटपाडीकडचं कुणी आलं की मी विचारायची, पण गावं अनेक आणि सर्जेरावही अनेक. माझा मनस्ताप एकच, की धंद्यातला माझा सगळ्यात मोलाचा जोड मी चुकीच्या चेहऱ्याला दिला होता. शोभत नाही असं स्वतः म्हणून दिलेला तेवढा एकच. आणि तो परत मागायची सोय नव्हती.

मला स्वतःला, सांगायचं तर, कधीच कुणी कानातलं निवडून दिलं नाही. सराफाच्या घरात सून मोडीतलं नि न खपता पडून राहिलेलं घालते. मी जन्मभर कुडी घातली, आणि माझा चेहरा वाटोळा आहे.

पुष्कळ वर्षांनी, मामंजी गेले होते, आमचे हेही थकले होते, मुलगा गादीवर बसत होता, तेव्हाची गोष्ट. निळा पडदा केव्हाच निघाला होता. बाया पुढंच बसून पुरुषाच्या हातून कानातलं घालून घ्यायच्या. मी सवयीनं मागच्या खोलीत जाऊन बसायची, एवढंच. एक दिवस बाहेर मुलाचा आवाज ऐकला, "आजोबा, दांडी झिजलीय हो याची. दोन्ही बदलाव्या लागतील." मग उत्तर आलं, "त्येच म्हनतो मी. आन् तुमच्या आईसाब कुटं हायत?"

मी उठून पुढं गेले. पांढऱ्या मिशा, फेटा, काठी. एक पाय किंचित ओढत. शेजारी बाकावर हौसा. पदर खांद्यावर, केस पांढरे, नवऱ्याला मोठ्यानं सांगत होती, "आवं, आदी बसा तरी." तो बसला नाही.

"वळखलं का वैनी?" तो म्हणाला.

मी ओळखलं नसतं तर नवल. मी दोघांना मागं नेलं, चहा मागवला, आणि जुन्या दांड्या काढून झुबे तात्पुरते नव्या तारेत ओवून हौसाच्या कानात घातले. मेजावर तोच आरसा होता. पितळी खुंट्या सैल झाल्या होत्या, आता तो हातानं धरावाच लागायचा. मी धरला. तिनं आरशात पाहिलं, मीही पाहिलं.

गाल बसले होते. गालाची हाडं वर आली होती. हनुवटी निमुळती, स्पष्ट. आणि तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा झुब्यांनी भरून काढली होती. असे शोभत होते म्हणून सांगू, जसे काही त्याच तोंडासाठी घडवलेले.

सर्जेराव तिच्या अगदी जवळ उभा होता, आरशात नव्हे, थेट तिच्या तोंडाकडं बघत. त्यानं काठी काखेत धरली आणि दोन्ही तळवे वर केले. वर पसरलेले, खाली जवळ आलेले. मग ते हळूच तिच्या गालांना लावले, माझ्यादेखत, भर दुपारी. तळवे नीट बसले.

"बगा," तो मला म्हणाला. "मी तवाच सांगितलं हुतं, अशी हाय म्हनून. तुमीच म्हनत हुता, शोभत न्हाई."